‘फॅन’ : पहिला तास धरून ठेवणारा हा चित्रपट नेमका कुठे हातातून सुटतो?

पाचोरेकर

नमस्कार मंडळी. मनीष शर्मा दिग्दर्शित ‘फॅन’ हा चित्रपट १५ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा पाहायचा राहून गेला होता. तो मागच्या आठवड्यात घरी पाहिला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चर्चेत कथेचा शेवट उघड होणार आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट पाहायचा असेल त्यांनी कृपया आधी पाहून घ्यावा.

दिल्लीच्या इंदर विहारमध्ये सायबर कॅफे चालवणारा गौरव चांदना आणि त्याचे दैवत असलेला सुपरस्टार आर्यन खन्ना या दोन्ही भूमिका शाहरुख खानने केल्या आहेत. गल्लीतल्या स्पर्धेत आर्यनची नक्कल करून मिळवलेले बक्षीस त्याच्या वाढदिवशी त्याच्याच हाती द्यावे, म्हणून गौरव मुंबईला येतो. बंगल्यापुढच्या गर्दीत उभा राहतो, आर्यन दर्शन देतो, हात हलवतो आणि आत निघून जातो. एवढीच घटना, पण त्या गर्दीत माना उंचावून पाहणाऱ्यांमध्ये गौरव ज्या खात्रीने ‘त्याने मला पाहिले’ अशा आविर्भावात उभा असतो, ते पाहून अंगावर काटा येतो. पुढे आर्यनशी वाद घालणाऱ्या सिड कपूर या तरुण नटाला तो गाठतो, मारहाण करून त्याच्याकडून माफी वदवून घेतो आणि त्याचे चित्रीकरण आर्यनला भेट म्हणून पाठवतो. बदल्यात त्याला पोलीस कोठडी मिळते. तिथे आर्यन भेटायला येतो तेव्हा आपले कौतुक होणार या आशेने हा मुलगा उठून उभा राहतो, आणि आर्यन त्याला पाच मिनिटेसुद्धा द्यायला नकार देतो. इथपर्यंत मी खुर्चीच्या टोकावर होतो.

त्यानंतर मात्र लंडन, मग क्रोएशियातील दुब्रोवनिक, मग पुन्हा मुंबई आणि शेवटी दिल्ली असा जो पाठलाग सुरू होतो, त्यात मला काही केल्या रस वाटेना. माझा पुतण्या म्हणतो की हिंदी थरारपटात तर्क शोधणाऱ्यानेच आपले काय चुकते ते पाहावे. माझे म्हणणे असे की तर्क शोधण्याची सवय मला या चित्रपटाच्या पहिल्या तासानेच लावली. कॅफेतील संगणक, आईवडील, शेजारपाजार हे सगळे इतके खरे दाखवल्यावर पुढचे खोटे अधिकच टोचते. माझ्यासारखाच अनुभव कोणाला आला का, आणि आपल्या मते चित्रपट नेमक्या कोणत्या जागी सुटला?

धुळ्याची नाट्यवेडी

पाचोरेकर, आपण ज्या कोठडीच्या प्रसंगापर्यंत खुर्चीच्या टोकावर होतात, माझ्या मते चित्रपट त्या प्रसंगानंतरच्या एका उडीत सुटला. गौरव घरी येतो, आर्यनविषयी जमवलेले सगळे जाळतो, आणि कथा एक वर्ष पुढे जाते. जे आपण पाहायला हवे होते ते या एका वर्षातच घडलेले आहे. भक्तीचा द्वेष कसा होतो, रोज सकाळी उठून त्या रिकाम्या भिंतीकडे पाहणारा माणूस आईशी काय बोलतो, कॅफेत येणारी मुले त्याला ‘ज्युनिअर’ म्हणून हाक मारायची ती थांबवतात का, यातले काहीही आपल्याला दिसत नाही. वर्षापूर्वी आपण एका माणसाला कोठडीत सोडले आणि वर्षानंतर आपल्यासमोर आला तो एक हेतू. शेजारच्या नेहाची भूमिका श्रिया पिळगावकरने किती सहजपणे केली आहे, पण त्या उडीनंतर पटकथेला तिचा उपयोग फक्त माहिती पुरवण्यापुरता उरतो.

दुसरा दोष चेहऱ्याचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. गौरवसाठी ग्रेग कॅनम या ऑस्करविजेत्या रंगभूषाकाराने काम केले, वर संगणकीय दृश्यपरिणामांनी त्याचा चेहरा कोवळा केला. नाक, दात, जबड्याची ठेवण, अंगकाठी, चालण्याबोलण्याची लकब असे सगळे बदलून आर्यनपेक्षा वेगळा, केवळ त्याच्यासारखा भासणारा एक मुलगा उभा केला. पूर्वार्धात कोणीही त्याला आर्यन समजत नाही, सगळे त्याला नकलाकार म्हणूनच ओळखतात, आणि त्याचे दुःखही तेच आहे. मग उत्तरार्धात थोडाफार साज चढवून तो लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयात आर्यन म्हणून वावरतो, गोंधळ घालतो आणि अटक खऱ्या आर्यनला होते! दुब्रोवनिकच्या लग्नसमारंभात तो एका तरुणीची छेड काढतो आणि आर्यनला रोज जवळून पाहणाऱ्या लोकांनाही फरक कळत नाही. दोन चेहरे वेगळे करण्यासाठी घेतलेली मेहनतच कथानकाच्या मुळावर उठली. चेहरे खरोखर एकसारखे असते तर पूर्वार्ध पडला असता, आणि वेगळे ठेवल्यामुळे उत्तरार्ध पडला. या पेचाची जाणीव लिहिणाऱ्यांना झाली नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी तो सोडवण्याऐवजी परदेशी दृश्यांखाली झाकला.

छेडछाडीच्या त्या प्रसंगाविषयी आणखी एक बोलते. कोठडीत आर्यनने जे केले ते आपण लक्षात घ्या. स्वतःच्या वजनाचा वापर करून त्याने एका मुलाला पोलिसांकरवी धडा शिकवला. त्या मुलाचा गुन्हा होताच, पण शिक्षा कोणी आणि कशी द्यायची हे एका नटाने ठरवले. त्या क्षणी चित्रपटाने फार अडचणीचा प्रश्न विचारला होता : ज्यांच्या टाळ्यांवर तारा उभा आहे, त्यांचे तो काही देणे लागतो का? प्रेक्षकाचे मन तेव्हा दोघांमध्ये समान विभागले गेले होते. मग गौरवला स्त्रियांवर हात टाकणारा, आर्यनच्या घरात शिरून नासधूस करणारा दाखवला की प्रेक्षकाला निवड करण्याचे कारणच उरत नाही आणि आर्यनची उत्तर देण्यातून सुटका होते. मला यात पटकथेपेक्षा प्रतिमेची काळजी दिसते. आर्यनचा बंगला म्हणून वांद्र्याचा ‘मन्नत’ दाखवायचा, त्याच्या पूर्वायुष्याला खऱ्या शाहरुखच्या आयुष्याचा रंग द्यायचा, आणि मग त्याच माणसाला दोषी ठरवायचे, एवढे धाडस शेवटपर्यंत टिकले नाही.

नाना भुसावळकर

मी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस आहे, तेव्हा गौरव दिल्लीहून राजधानीने विनातिकीट मुंबईला जातो या गोष्टीवर मी तरी नाक मुरडावे अशी अपेक्षा असेल. (ती गाडी आपल्या मार्गाची नव्हे. जळगावमार्गे धावणारी राजधानी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. जुनी राजधानी कोटा आणि बडोद्यावरून जाते.) परंतु मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत अचूक वाटलेली गोष्ट तीच आहे. तिकिटाला पैसे नाहीत म्हणून तो तसा जात नाही. आर्यन उमेदीच्या काळात असाच विनातिकीट आला होता अशी आख्यायिका आहे, म्हणून हाही तसाच जाणार आणि आर्यन ज्या हॉटेलात उतरला होता त्याच हॉटेलात उतरणार. चैत्रात आपल्या खानदेशातून लोक सप्तशृंग गडावर पायी निघतात, त्यांना एसटीची सोय नसते असे थोडेच आहे? वाट कशी चालायची हे नवसाने ठरते, सोयीने नाही. योगायोग असा की हा चित्रपट आला तो दिवस रामनवमीचा होता आणि गडाची चैत्रयात्रा त्याच दिवशी सुरू होते. आमच्या घरची निम्मी माणसे तेव्हा वणीच्या वाटेवर होती, म्हणून तारीख लक्षात राहिली.

फरक एवढाच की गडावर जाणारा शेकडो लोकांच्या सोबतीने जातो आणि परत आपल्या शेतात येतो. चित्रपटांच्या बाबतीतही गर्दीचे वेड आणि एकट्याचे वेड यांत अंतर असते. शेजारच्या मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी चित्रपटगृहांत जो जल्लोष होतो तो सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर तिथल्या एका चित्रपटगृहात सलमान खानच्या चित्रपटाच्या वेळी प्रेक्षकांनी आतच फटाके फोडले आणि लोकांची पळापळ झाली. तो प्रकार धोक्याचाच होता आणि त्याचे समर्थन मी करणार नाही, पण त्या मुलांपैकी प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी मागावर कामाला गेला असणार. गौरव गर्दीत उभा असूनही एकटा आहे, हे पूर्वार्धाला कळले होते. उत्तरार्धात तो इतका चपळ होतो, छपरांवरून उड्या काय मारतो, परदेशात हवे तिथे काय शिरतो, की त्या एकटेपणाचा मागमूस राहत नाही.

आणि एक गोष्ट मला समजली नाही. एवढा मोठा नट, त्याच्यामागे अंगरक्षकांचा ताफा, आणि माथेफिरूच्या मागे छपरावर धावतो तो स्वतः! तो दुब्रोवनिकचा पाठलाग संपता संपेना तेव्हा मी चहा टाकायला उठलो.

शिरपूरचा वकील

नानांनी अंगरक्षकांचा विषय काढलाच आहे तर कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. पाठलाग करण्याचा गुन्हा आपल्याकडे २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे, परंतु त्यातील पीडित व्यक्ती स्त्रीच असावी लागते. पुरुष नटामागे लागलेल्या चाहत्याविरुद्ध ते कलम लागत नाही. तिथे गुन्हेगारी धमकी, घरात अनधिकृत प्रवेश, तोतयेगिरी अशा कलमांचा आधार घ्यावा लागतो. चित्रपटातील आर्यनकडे हे सगळे मार्ग होते, शिवाय त्याच्याकडे पारपत्रावरील शिक्के, हॉटेलातील कॅमेऱ्यांची चित्रणे आणि बोटांचे ठसे होते. दोन माणसे एकाच वेळी दोन ठिकाणी होती हे सिद्ध करणे एखाद्या नवख्या वकिलालाही अवघड गेले नसते. लेखकांनी वकील नावाचा प्राणी कथेत फिरकूच दिला नाही.

मात्र माझी खरी तक्रार वेगळी आहे. अशा चाहत्यांच्या ज्या घटना जगात खरोखर घडल्या, त्या या कथेपेक्षा कितीतरी अधिक भयंकर आहेत, आणि त्यांतली भीती पाठलागात नाही. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी काही तासांपूर्वी लेननने स्वतः अल्बमवर सही करून दिली होती. म्हणजे गौरवने जी पाच मिनिटे मागितली, तशी काही क्षणांची भेट त्या माणसाला मिळाली होती, तरीही जे व्हायचे ते झालेच. ‘फॅन’ शेवटपर्यंत असे धरून चालतो की पाच मिनिटे दिली असती किंवा एकदा माफी मागितली असती तर सगळे मिटले असते. वेड इतके सरळ हिशोबाचे असते तर पोलिसांचे आणि डॉक्टरांचे काम सोपे झाले असते.

दुसरी घटना ३० एप्रिल १९९३ची, जर्मनीतील हॅम्बुर्गची. स्टेफी ग्राफच्या एका चाहत्याने तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस हिच्या पाठीत भर सामन्यात सुरा खुपसला, कारण सेलेस जागतिक क्रमवारीत ग्राफच्या वर होती. सेलेस त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ खेळू शकली नाही, आणि हल्लेखोराला मिळालेली शिक्षा स्थगित राहिल्यामुळे तो तुरुंगात गेला नाही. गौरवने सिड कपूरला मारून आर्यनला ‘भेट’ पाठवणे हे अगदी याच जातीचे कृत्य आहे. ज्याच्यासाठी केले त्याने मागितले नव्हते, आणि तरी त्याच्या नावावर ते कायमचे चिकटले. ग्राफला ज्या अपराधी भावनेला तोंड द्यावे लागले असेल तिची नुसती कल्पना करून पाहा. हे बीज चित्रपटाच्या हातात आयते आले होते. समजा, आर्यनला त्या मारहाणीचा मनातून थोडा आनंदच झाला असता आणि तो लपवण्यासाठी त्याने मुलाला कोठडीत टाकले असते, तर पुढचा चित्रपट केवढा निराळा झाला असता!

जाता जाता एक आपल्या जवळची हकीकत. या चित्रपटाच्या जाहिरातीतील गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते, म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली. गाणे नसल्यामुळे मुले रुसली आणि रात्री जेवली नाहीत, असेही त्या तक्रारीत होते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली, राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला, आणि अखेरीस २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना जाहिरातीतील झलक म्हणजे ग्राहकाला दिलेला प्रस्ताव नव्हे असे सांगितले. पाचोरेकर, उत्तरार्धाबद्दलची आपली तक्रार त्यामुळे कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, हे सखेद कळवतो.

चाळीसगाव एक्सप्रेस

वकीलसाहेब, ते गाणे मराठीतही अवधूत गुप्ते यांच्या आवाजात आले होते आणि आमच्याकडे गणपतीत मिरवणुकीत वाजले होते. चित्रपटात ते नाही हे तिकीट काढल्यावर कळले. तरीही गाण्यांशिवाय हिंदी थरारपट करण्याचे धैर्य दाखवले, याबद्दल मी निर्मात्यांना गुण देईन.

अमळनेरची मीराताई

इथे सर्वांचे सूर जुळलेले पाहून थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. मला हा चित्रपट फसलेला वाटतो, परंतु वाया गेलेला वाटत नाही, कारण दिल्लीला परतल्यावरच्या शेवटच्या भागात तो पुन्हा सावरतो. आर्यन त्याच गल्लीतल्या स्पर्धेच्या मंचावर गौरव बनून उभा राहतो, त्याच्यासारखे बोलतो, त्याच्यासारखा चालतो. ज्याची नक्कल करून गौरव जगला, त्या माणसाला आता गौरवची नक्कल करावी लागते, आणि ती त्याला फारशी जमत नाही. ही कल्पना ज्याला सुचली तो लेखक कच्चा नव्हता. शेवटी गच्चीच्या कडेवर आर्यन हात धरून त्याला पुन्हा साधा गौरव हो म्हणून विनवतो आणि तो हात सोडून देतो, तेव्हा धुळ्याच्या ताईंनी विचारलेला देण्याघेण्याचा प्रश्न चित्रपटाने टाळला असे म्हणता येणार नाही. उशिरा का होईना, तो परत आणला.

मग मधला भाग असा का झाला? माझ्या मते तिथे जागा फार मोठी झाली. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९८२च्या ‘द किंग ऑफ कॉमेडी’मध्ये रॉबर्ट डी नीरोने अशाच एका चाहत्याचे काम केले आहे. तो तळघरात पुठ्ठ्यावरच्या प्रसिद्ध माणसांच्या चित्रांशी गप्पा मारतो, आतून आई आवाज कमी कर म्हणून ओरडते, आणि पुढे तो त्या विनोदवीराला पळवून नेतो ते केवळ दूरदर्शनवर आपला कार्यक्रम व्हावा म्हणून. तिथे एकही छप्पर ओलांडले जात नाही, तरी पाहणारा अस्वस्थ होतो. १९९०च्या ‘मिझरी’त तर एक घर, बाहेर बर्फ, अंथरुणाला खिळलेला लेखक आणि त्याची शुश्रूषा करणारी चाहती एवढेच आहे. त्या भूमिकेसाठी कॅथी बेट्सला ऑस्कर मिळाले. चाहत्याची भीती ही जवळ येण्याची भीती असते, म्हणून तिला अरुंद जागा लागते. ‘फॅन’ने तिला विमानात बसवून देशोदेशी फिरवले.

पाचोरेकर

सर्वांचे मनापासून आभार. मीराताई, मंचावरच्या प्रसंगाकडे मी त्या नजरेने पाहिले नव्हते, तो भाग पुन्हा पाहीन. धुळ्याच्या ताईंना एकच विचारायचे आहे. परदेशातील सगळा भाग काढून टाकला, तर गौरवने सूड घ्यायचा कसा? इंदर विहारमध्ये बसलेला मुलगा मुंबईच्या बंगल्यातील माणसाचे काय बिघडवू शकणार होता?

धुळ्याची नाट्यवेडी

पाचोरेकर, त्याचे उत्तर पटकथेने पहिल्याच रिळात टेबलावर ठेवले होते आणि नंतर स्वतःच विसरली : तो सायबर कॅफे चालवतो! ज्याच्या हाताशी आठदहा संगणक आहेत, ज्याला आर्यनच्या बोलण्याची प्रत्येक लकब येते, ज्याने त्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाखतींची कात्रणे जमवली होती आणि ज्याने सिड कपूरच्या माफीचे चित्रीकरण करून त्याची ताकद एकदा पाहिली आहे, त्याला दुब्रोवनिकला जाण्याची गरज काय? आर्यनच्या आवाजात एक बोलणे ध्वनिमुद्रित करून सोडून द्यायचे. मग दुसरे सोडायचे, तेही इतके खरे वाटणारे की आर्यनने नाकारले तरी लोक म्हणतील, हा तर असेच बोलतो. गौरवने खुर्चीवरून उठायचेसुद्धा नाही. चेहऱ्याचा पेचही त्यातून सुटला असता, कारण आवाजाला रंगभूषा लागत नाही आणि नक्कल हीच तर त्याची एकमेव विद्या होती.

आपल्याकडेच पाहा. अहिराणी गाण्यांच्या कलाकारांचे यूट्यूबवर किती चाहते आहेत आणि दोन कलाकारांच्या चाहत्यांमध्ये गाण्याखालच्या प्रतिक्रियांत कशी जुंपते, हे आपण सगळे वाचतो. त्यातला कोणी कोणाच्या छपरावर चढत नाही. कोणीतरी रात्री दोन वाजता एखादी जुनी चित्रफीत अर्धी कापून टाकतो, आणि सकाळी त्या कलाकाराला गावोगावच्या आयोजकांचे फोन सुरू होतात. आणि नानांचा प्रश्नही तिथे मिटतो. अशा शत्रूपुढे अंगरक्षकांचा ताफा काय करणार? आर्यनला खरोखर एकट्यानेच इंदर विहारला यावे लागले असते, कॅफेत गिऱ्हाइकासारखे बसून आपल्या पाळीची वाट पाहावी लागली असती, आणि ती पाच मिनिटे या वेळी त्याने मागितली असती.